डोक्याला मार आणि भरपाईचा दावा

प्रश्न : अपघातात भावाच्या डोक्याला मार लागला. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, पण तो विसरतो, चिडतो. विमा कंपनी तडजोडीवर सही मागते आहे. करावी का?

उत्तर : इतक्यात अजिबात नको. ‘पूर्ण व अंतिम’ तडजोडीवर सही झाली की पुढचा खर्च सहसा मागता येत नाही. मेंदूतले सूक्ष्म तंतू तुटले, तरी सीटी बरेचदा नॉर्मलच येतो. पहिल्या दिवसाचे केसपेपर आधी मिळवा. बेशुद्धी किती वेळ, ग्लासगो कोमा स्केल (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) १५ पैकी किती, हे त्यात पाहा. स्मृती-एकाग्रतेच्या चाचण्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (मेंदूच्या कामकाजाची तपासणी करणारे मानसतज्ज्ञ) करून घ्या. घरच्यांनी तारीखवार नोंदी ठेवाव्यात. ‘त्रास होतो’ एवढ्याने भागत नाही. ‘गॅस चालू ठेवून बाहेर गेला’ असं नेमकं लिहा. दाव्याची मुदत मात्र वकिलाला आजच विचारा.