चिकाटी नाही, की जागा चुकली?

‘सुरुवात उत्साहाने होते आणि पंधरवड्यात सारे बंद पडते, माझ्यात चिकाटीच नाही,’ ही तक्रार आहार-व्यायामाच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकजण करतात. बदलापूरहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी ती केली, तेव्हा त्यांच्या हाती एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के असल्याचा अहवाल होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते. आईला मधुमेह असल्याने त्या घाबरल्या होत्या, आणि त्या भीतीपोटी त्यांनी एकाच सोमवारी पहाटेची जिम, भात बंद, साखर बंद आणि रात्री केवळ सूप असा सगळा संसार मांडला होता. तो मोडला यात नवल नव्हते.

मी त्यांना त्यांचा नेहमीचा दिवस सविस्तर सांगायला लावला. सकाळची ७ वाजून १० मिनिटांची लोकल त्या गेली अनेक वर्षे चुकवत नव्हत्या. दुपारचा डबा एक वाजता आणि रात्रीचे जेवण दहाला, म्हणजे मध्ये नऊ तासांचे अंतर. त्या अंतरात स्टेशनवरचा वडापाव आणि घरी पोहोचल्यावर फरसाणाचा डबा. त्याला त्या जिभेचे लाड म्हणत होत्या. माझ्या मते ती साधी भूक होती, आणि भुकेला इच्छाशक्तीने उत्तर देता येत नाही.

म्हणून आम्ही चिकाटीचा विषय बाजूला ठेवला आणि असलेल्या वेळापत्रकातच जागा शोधल्या. सकाळी पोळी-भाजीचा डबा भरतानाच भाजलेले चणे आणि थोडे शेंगदाणे यांची लहान डबी भरायची आणि कार्यालयातून निघण्यापूर्वी ती संपवायची; घरी जेवण शक्य तेवढे लवकर. स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत न थांबता घरापर्यंत पंधरा-वीस मिनिटे भरभर चालायचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. सहा संध्याकाळी मिळून त्यांचे शंभरच्या आसपास होत होते आणि सुरुवातीला मला तेवढे पुरेसे वाटले. भात डॉक्टरांच्या संमतीने ताटात परत आला, फक्त प्रमाण कमी करून.

जुलैत मुसळधार पावसामुळे चार-पाच दिवस चालणे बुडाले आणि ‘पुन्हा तेच झाले’ म्हणत त्या भेटायला आल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, मात्र व्यक्तीव्यक्तीत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नव्हते. २१ दिवसांचा जो हिशेब सर्रास सांगितला जातो, त्याने लोकांचे नुकसानच अधिक होते, असे मला वाटते. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणूस स्वतःला नापास ठरवतो. चार-पाच दिवसांचा खंड मात्र वाढू द्यायचा नसतो, म्हणून पावसाळ्यापुरते चालणे जेवणानंतर इमारतीच्या पार्किंगमध्ये, सासूबाईंच्या सोबतीने ठरले. सासूबाईंचे गुडघे पहिल्या फेरीतच कुरकुरले, तरी त्या रोज खाली उतरत.

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत एचबीए१सी ५.८ आले; वजन जेमतेम दीड किलोने घटले होते. डॉक्टरांनी पुन्हा सहा महिन्यांनी बोलावले आहे. रविवारी लोकल पकडायची नसते, त्यामुळे डबी नाही आणि चालणेही नाही, हे बाईंनीच लक्षात आणून दिले. सध्या आम्ही त्या एका दिवसाची मांडणी करत आहोत.