दोन लाख किलोमीटर चाललेली जुनी डिझेल गाडी घेतली आहे, आधी काय तपासू?

आधी टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याची, नोंद शोधा. कधी बदलला याचा कागद हाती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपासकट नवा टाका. मी डिझेल इंजिनांचंच काम करतो. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावंच लागतं, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. मग इंजिन गरम करून चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. जरासा धूर चालतो. पण झाकण थडथड उडत असेल आणि धूर झोताने येत असेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन बंद करून डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडा, थोडं डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. हेच पाणी पंप आणि इंजेक्टर खातं. टर्बोचे होज, कूलंटवर तेलाचा तवंग, निळा धूर हेही बघून घ्या. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकरच काळं होतं. मात्र तुमच्या इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर ती ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड येते का, तेवढं कान देऊन ऐका.