अंधार झाला आणि लोक उठले

प्रश्न : अमळनेरला आम्ही लहानसा महोत्सव भरवला. 'कोर्ट' दाखवला. न्यायालयातले दिवे मालवले, पडदा काळा झाला आणि निम्मे प्रेक्षक उठून गेले. पुढच्या वर्षी असे सिनेमे ठेवावेत का? – एक संयोजक

उत्तर : ठेवा, दादा, नक्की ठेवा! लोक कंटाळून नाही गेले, त्यांना सिनेमा संपला असं वाटलं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी तो अंधार बराच वेळ तसाच ठेवलाय. न्यायाधीशांची सहल त्यानंतर येते. २०१५ साली या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार सांगून कोणी खुर्चीत बसत नाही. "सभागृहातले दिवे लागेपर्यंत थांबा," एवढं आधी सांगा.

आणि नंतरच्या चर्चेत माईक आधी मागच्या रांगेत द्या. अहिराणीत बोलू द्या. जळगावात 'फँड्री' पाहताना त्यातल्या पोरानं, जब्यानं, शेवटी भिरकावलेला दगड पडद्यावरून थेट आमच्याकडे आला. सगळे गप्प. पुढच्या रांगेतले जाणकार चित्रीकरणावर बोलत राहिले. माझ्या शेजारच्या आजींनी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारलं, "आते काय व्हई त्या पोऱ्यानं?" त्यांच्यापर्यंत माईक पोचलाच नाही.