एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी पहिल्यांदाच आमच्या संस्थेत फील्डवर्कला येताहेत. सुपरवायझर म्हणून मी काय करू?

सगळ्यात आधी त्यांचं रेकॉर्डिंग, म्हणजे फील्डवर्कबद्दल त्यांनी लिहिलेला अहवाल, वाचायला वेळ राखून ठेवा. मुलं वस्तीत फिरतात, पण खरं शिकणं होतं ते नंतरच्या आयसीत, म्हणजे एकेकाशी स्वतंत्र बसून होणाऱ्या बोलण्यात. दर आठवड्याला निदान एक तास, फोन बाजूला ठेवून. ‘गृहभेट दिली, समुपदेशन केलं’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. दार कुणी उघडलं? तू कुठे बसलीस? सासूसमोर सून बोलली का? अशाच प्रश्नावर एका विद्यार्थिनीने मला सांगितलं, “ती सारखी दाराकडे बघत होती.” रेकॉर्डिंगमध्ये ही ओळच नव्हती. पुढची भेट आम्ही अंगणवाडीत ठेवली आणि ती बाई मोकळेपणाने बोलली.

पहिले काही दिवस जुना कार्यकर्ता सोबत द्या. एक्सेल भरायला, खुर्च्या लावायला मुलांना जुंपू नका, फार वाईट वाटतं ते बघून. कुणी रडत परत आलं तर आधी पाणी द्या, अहवाल नंतर. आणि प्लेसमेंट, म्हणजे संस्थेतलं त्यांचं फील्डवर्क, संपणार हे वस्तीत महिनाभर आधीच सांगायला लावा. ताई न सांगता गेली, तर वस्तीतली लहान मुलं कितीतरी दिवस तिची वाट बघतात.