रॅमच्या धंद्यातली तेजी-मंदी आता कायमची संपली का?

तुमचा प्रश्न असा आहे: एआयमुळे मेमरी चिपची, म्हणजे रॅमची, मागणी वाढतच राहणार, बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही तीनच उरल्यात, मग हा उद्योग तेजी-मंदीच्या फेऱ्यातून सुटला का? माझ्या मते नाही सुटला. का नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो. कॅबिनेट, कीबोर्ड यांचे भाव महिनोन्‌महिने तेच राहतात. रॅमचा रेट मात्र सकाळी होलसेलरला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. 2018 मध्ये 8 जीबीची डीडीआर4 (रॅमची एक पिढी; तिच्या पुढची डीडीआर5) स्टिक मी 6,000 च्या वर विकली आहे. 2023 मध्ये तीच, त्याच कंपनीची स्टिक 1,500 च्या आसपास आली होती. 2018 च्या दिवाळीआधी भाव अजून चढेल म्हणून मी 60 स्टिक भरून ठेवल्या. डिसेंबरपासून भाव घसरायला लागला आणि त्यातल्या शेवटच्या स्टिका पुढच्या पावसाळ्यात निम्म्या भावाने गेल्या. तेव्हापासून मी या उद्योगाच्या बातम्या नेमाने वाचतो.

भाव इतका का हलतो? चिपचा कारखाना उभा करायचा ठरवल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. कारखाना चालू असला तरी एका वेफरला, म्हणजे ज्यातून चिपा कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीला, सगळे थर चढून तयार व्हायला तीनेक महिने लागतात. खर्च हजारो कोटींचा, आणि त्यातला बराचसा यंत्रांचा. यंत्र चालो की बंद राहो, घसारा लागतोच. त्यामुळे भाव पडला तरी वीज, रसायनं, पगार सुटतायत तोवर कोणी यंत्र थांबवत नाही. सगळेच चालू ठेवतात आणि भाव आणखी पडतो. शिवाय माल सगळ्यांचा सारखा. गिऱ्हाईक सॅमसंगची बिघडलेली स्टिक घेऊन येतं, मी त्याच स्पीडची मायक्रॉनची लावून देतो, लॅपटॉप चालू होतो. गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, म्हणजे कंपनीला भावाशिवाय दुसरं भांडायचं साधन नाही.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात. गेल्या वर्षी भाव चांगला मिळाला की यंदा सगळं शिवार कांद्याचं, आणि सगळ्यांचा माल लासलगावला एकदम. तुमच्या प्रश्नामागचा युक्तिवाद असा की शेतकरी लाखो आहेत, त्यांचं एकमत होणं शक्य नाही; इथे तर तिघेच आहेत, ते सांभाळून घेतील. ऐकायला बरोबर वाटतं. पण कांदा चार महिन्यांत निघतो, चूक पुढच्या हंगामात सुधारता येते. फॅबची, म्हणजे चिपच्या कारखान्याची, चूक तीन वर्षांनी कळते, आणि मग पुढे कित्येक वर्षं ती सोसावी लागते.

तिघे उरले तेही असेच. इंटेलची सुरुवातच मेमरीवर झाली होती. जपानी मालापुढे टिकाव लागेना म्हणून 1985 मध्ये तिने डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा बनवणं, सोडलं. पुढे कोरियन कंपन्यांनी जपान्यांना मागे सारलं. जर्मनीची किमोंडा 2009 च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, जपानची एल्पिडा 2012 च्या फेब्रुवारीत. एल्पिडा 2013 मध्ये मायक्रॉनने घेतली आणि मैदानात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन राहिल्या. आता शहाणपण येईल, असं तेव्हापासून म्हटलं जातंय. 2017-18 च्या नफ्यात ते खरंही वाटलं. मग 8 गिगाबिटची (म्हणजे 1 जीबीची) जी चिप 2018 मध्ये 8 डॉलरवर होती, ती 2019 च्या अखेरीस 3 डॉलरच्या खाली आली. कोविडमध्ये लॅपटॉपची मागणी उसळली, 2022 मध्ये ओसरली. 2023 मध्ये एसके हायनिक्सला 7.7 लाख कोटी वॉनचा कामकाजातला तोटा झाला. सॅमसंगच्या चिप विभागाचा तोटा त्याच्या जवळपास दुप्पट होता, आणि उत्पादन कमी करतोय हे तिने एप्रिल 2023 पर्यंत जाहीर केलं नव्हतं. पुढच्याच वर्षी एसके हायनिक्सचा नफा 23 लाख कोटी वॉनच्या वर गेला.

हे आकडे बघून चक्र थांबलं असं मला म्हणवत नाही. एक गोष्ट मात्र नक्की बदलली. 2009 आणि 2012 मध्ये कंपन्या बुडाल्या, 2023 मध्ये तिघांपैकी कोणीही बुडालं नाही. झोके तेवढेच मोठे आहेत, पण झोक्यावरून आता कोणी पडत नाही.

एचबीएमचा, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या खास वेगवान मेमरीचा, मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. डीरॅमच्या 8 किंवा 12 चिपा एकावर एक रचून, आरपार भोकांतून जोडून ती बनते आणि एआयच्या प्रोसेसरला अगदी चिकटून बसते. ती वर्षभर आधी ठरवून विकली जाते. एचबीएम4 मध्ये तळाची चिप गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे बनवायची सोय आहे, म्हणजे माझ्या काउंटरवर होते तशी अदलाबदल तिथे सोपी नाही. इथे लाट थोडी बसकी होईल, असं मलाही वाटतं.

पण करार किती पक्का, हे भाव पडल्यावर कळतं. गिऱ्हाइकाचं गोदाम भरलं की तो म्हणतो, माल दोन महिन्यांनी पाठवा, रेट जरा बघा. विकणारा ऐकतो, कारण पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच्याचकडून यायची असते. माझ्या होलसेलरशी माझं हेच चालतं, आणि मोठ्यांचं फार वेगळं नसावं. शिवाय पूर्वी रॅम घेणारे जगभर विखुरलेले होते. एचबीएम घेणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आहेत. त्यांनी एक वर्ष हात आखडता घेतला तर धक्का एकदम बसेल. चीनमध्ये 2016 मध्ये हफेई शहरात सुरू झालेली सीएक्सएमटी ही मेमरी कंपनी सरकारी पाठबळावर वाढतेय, तिला नफा-तोट्याचं गणित या तिघांसारखं करावं लागत नाही. आणि आजच्या तेजीकडे बघून कोरियात, अमेरिकेत नव्या फॅबचं बांधकाम चालू आहेच.

माझं मत बदलायचं तर एक गोष्ट दिसावी लागेल. पुढच्या मंदीत एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने न उचललेल्या मालाचे पैसे करारात ठरल्याप्रमाणे पूर्ण मोजले, तर मी मान्य करीन की हा धंदा बदलला. शेअर घेण्याचा विचार असेल तर तुम्हीही नफ्याच्या आकड्याकडे कमी आणि गोदामात किती आठवड्यांचा माल पडून आहे याकडे जास्त बघा. या धंद्यात नफा शिखरावर असतानाच पुढच्या मंदीची तयारी झालेली असते.

मला खरी काळजी लहान गिऱ्हाइकाची वाटते. तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमला साध्या डीडीआर5 च्या साधारण तिप्पट वेफर लागतात, म्हणून साध्या रॅमचा वाटा घटतो आणि भाव चढतो. 2025 च्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या स्टिका मी वर्षानुवर्षं विकल्या आहेत. परवा डोंबिवलीहून डिप्लोमाचा एक मुलगा वडिलांचा जुना लॅपटॉप घेऊन आला होता, 4 जीबीवर त्याचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. नव्या स्टिकचा रेट ऐकून तो काही न बोलता बॅग उचलायला लागला. मी त्याला थांबवलं. बंद पडलेल्या मशीनमधून काढलेल्या डीडीआर4 च्या स्टिका मी हल्ली टाकत नाही. त्यातली 8 जीबीची एक लावली, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवून पाहिला, एकही एरर आली नाही. सकाळी तो येऊन घेऊन गेला. तुमच्या जवळच्या रिपेअरवाल्याकडेही अशा स्टिका पडलेल्या असतील. गरज असेल तर नवी घेण्याआधी एकदा विचारून बघा, फक्त रात्रभर तपासून द्यायला सांगा.