गाळा डिस्पेन्सरीला द्यावा की डेंटिस्टला?

प्रश्न: फिलाडेल्फियाजवळच्या एका टाउनशिपमध्ये (म्हणजे इथल्या छोट्या पालिकेच्या हद्दीत) आम्हा नवराबायकोच्या नावावर एक गाळा आहे. त्यावर ४,१०,००० डॉलर कर्ज बाकी आहे. औषधी गांजाची दोन दुकानं (इथे त्यांना डिस्पेन्सरी म्हणतात) चालवणारी एक कंपनी तिसऱ्या दुकानासाठी महिना ७,५०० डॉलर भाडं द्यायला तयार आहे. एक डेंटिस्ट ५,००० देतोय. ब्रोकर म्हणतो, पेनसिल्व्हेनियात हे कायदेशीर आहे, टाउनशिप नाही म्हणूच शकत नाही. आम्ही दोघंही ग्रीन कार्डवर आहोत, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचाय.

उत्तर: डेंटिस्टला द्या. तुम्ही अमेरिकन नागरिक असतात, तर हे उत्तर इतकं झटपट दिलं नसतं.

आधी जादा भाड्याकडे बघू. वर्षाला ३०,००० डॉलर जास्त मिळतील. तुम्ही २४ टक्क्यांच्या फेडरल टप्प्यात असाल, तर तो कर आणि राज्याचा ३.०७ टक्के वजा जाता हातात साधारण २२,००० उरतात. पाच वर्षांचे १,१०,०००. एवढ्यासाठी काय पणाला लागतंय ते बघा.

राज्याने परवाना दिला तरी फेडरल कायद्याने हा व्यापार बेकायदा आहे, आणि त्यासाठी जाणूनबुजून जागा भाड्याने देणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे. २०१४ च्या अखेरीपासून फेडरल बजेटमध्ये एक अट घातली जाते: राज्यांच्या औषधी गांजा कायद्यांच्या आड येण्यासाठी न्याय खात्याने पैसे खर्च करायचे नाहीत. ब्रोकर लोक याच अटीचा हवाला देतात. पण नागरिकत्वाचा अर्ज तपासणारं खातं होमलँड सिक्युरिटीखाली येतं, त्याला ही अट लागू नाही. त्या खात्याने एप्रिल २०१९ मध्येच लिहून ठेवलंय की गांजाशी संबंधित कृत्य राज्यात कायदेशीर असलं, तरी ‘चांगलं चारित्र्य’ या निकषावर अर्ज अडू शकतो. त्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागते असं नाही, मुलाखतीतली कबुलीही पुरते. शिवाय भारतातून परतताना विमानतळावरही प्रश्न उभा राहू शकतो. गांजा फेडरल द्रव्ययादीतल्या कमी कडक अशा तिसऱ्या अनुसूचीत (गटात) गेला, तरी तो नियंत्रित द्रव्यच राहतो.

दुसरं, कर्ज. मॉर्टगेजच्या कागदांत ‘सर्व कायद्यांचं पालन’ असं कलम बहुतेक असतंच. ते मोडलं तर बँक पूर्ण ४,१०,००० एकदम मागू शकते. इमारतीच्या विम्यातही बेकायदा वापराचा अपवाद आहे का, ते बघा.

झोनिंगबद्दल, म्हणजे कुठल्या भागात कुठला धंदा चालतो त्या नियमांबद्दल, ब्रोकर अर्धं खरं सांगतोय. २०१६ च्या कायद्यानुसार डिस्पेन्सरीला त्याच झोनमधल्या इतर दुकानांचेच नियम लागतात, टाउनशिपला वेगळी कडक अट घालता येत नाही. पण त्या झोनमध्ये किरकोळ विक्रीला परवानगी हवी, पार्किंगच्या जागा पुरल्या पाहिजेत, वापरबदलाची आणि बांधकामाची परवानगी काढावी लागते. त्यावर राज्याची अट आहे: शाळा किंवा डे-केअरच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत दुकान चालत नाही. शाळा सगळ्यांना आठवते, चर्चच्या तळघरातलं डे-केअर कुणाला आठवत नाही, आणि तिथेच सौदे फिसकटतात. आरोग्य खातं सूट देऊ शकतं, पण त्या भरवशावर गाळा रिकामा ठेवू नये.

परवान्यांची संख्याही मर्यादित आहे. कायद्यात मूळ मर्यादा ५० परवान्यांची होती: २०१७ मध्ये २७ दिले, २०१८ मध्ये २३. एका परवान्यावर जास्तीत जास्त तीन दुकानं. म्हणजे ‘तिसरं दुकान’ ही गोष्ट पटण्यासारखी आहे. पण प्रत्येक ठिकाणासाठी ३०,००० डॉलर फी असते आणि खात्याची मंजुरी लागते. ती आली नसेल, तर तुमच्या हातात नुसता तोंडचा शब्द आहे.

आणि हा भाडेकरू दिसतो तितका गबर असेलच असं नाही. फेडरल कर कायद्याचं कलम २८०ई पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या द्रव्यांच्या व्यापाऱ्यांना लागतं: मालाची किंमत वजा होते, भाडं-पगार होत नाहीत. १०० डॉलर विक्री, ६० चा माल, ३० खर्च, नफा १०. पण २१ टक्के कर ४० वर बसतो, म्हणजे ८.४०. हाती उरले १.६०. गांजाला पहिल्या अनुसूचीतून तिसरीत हलवण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये निघाला. कलम सुटलं तर हे गणित पालटेल, पण आज पाच वर्षांचा करार करताना त्यावर विसंबू नका.

नागरिकत्वाची शपथ झाल्यावर असा प्रस्ताव पुन्हा आला, तर आधी बँकेची लेखी संमती घ्या. मग करार करू नका, ऑप्शन द्या: सगळ्या मंजुऱ्या येईपर्यंत गाळा राखून ठेवण्याचे दरमहा पैसे, परत न करण्याचे. झोनिंग ऑफिसरकडून लेखी पत्र भाडेकरूने आणायचं. भाडं ठरावीक ठेवा. विक्रीच्या टक्क्यांवर कधीच नको, नाहीतर तुम्ही धंद्यातले भागीदार दिसाल. रोख घ्यायची नाही.

सध्या डेंटिस्टकडे सात किंवा दहा वर्षांचा करार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मागा. प्लंबिंग आणि एक्स-रे खोलीवर तो स्वतःचा बराच पैसा घालणार असतो, त्यामुळे सहसा लवकर हलत नाही. त्या कामात हातभार मागितला, तर रोख देण्याऐवजी पहिले दोन महिने भाडं माफ करा, आणि करारावर त्याची वैयक्तिक हमी घ्या. कंपनीला मात्र नकार कळवण्याआधी, काहीही सही करण्याआधी, इमिग्रेशन वकिलाला एक तास द्या: ब्रोकरमार्फत तुम्ही आत्तापर्यंत कुठल्या इरादापत्रावर सही केली असेल, तर ते त्याला दाखवायलाच हवं.