विचारा की! ८७ टक्के की १२?

प्रश्न: साहेब, मेक्सिकोत पकडलेल्या बंदुकांतल्या ९० टक्के अमेरिकेतनं आलेल्या असं मी म्हणतो, मेहुणा म्हणतोय फक्त १२, बाकी थापा. दोघांकडंबी मोबाइलवर पुरावा हाय. एक किलो कुंद्याची पैज लागलीय, निकाल द्या.
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: मजा अशी की दोघांचं गणित एकाच कागदावर बसतंय. ९० टक्के हे ओबामा एप्रिल २००९ मध्ये मेक्सिकोत जाऊन बोलले, मग जूनमध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारचे हिशेब तपासणाऱ्या जीएओचा रिपोर्ट आला त्यात ८७. आता २००८ चे आकडे बघा, पकडल्या साधारण ३०,०००, त्यातल्या माग काढायला अमेरिकेच्या एटीएफकडं, म्हणजे बंदुकांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडं दिल्या ७,२००, माग लागला ४,००० चा आणि त्यात अमेरिकेच्या ३,४८०. ४,००० नं भागा, ८७. ३०,००० नं भागा, १२ च्या आसपास. भागाकार दोन्ही बरोबर हो.

आपल्याकडचंच घ्या. समजा जिल्ह्यात धाडी घालून ३०० दारूच्या बाटल्या धरल्या, आणि 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं लेबल दिसतंय तेवढ्याच ७२ बाटल्यांचे बॅच नंबर पणजीला कळवले, ४० चं उत्तर आलं, ३५ गोव्याच्या. निघणारच की, लेबल बघूनच निवडलेल्या! ९० वाल्यांवर टीका झाली ती हीच. पण म्हणून लेबल खरवडलेल्या बाटल्या गोव्याच्या वाटेवरच्या कणकुंबीवरनं आल्याच नाहीत असं कसं म्हणायचं? त्यांचं कुणी विचारलंच नाही.

आणि माग म्हणजे तरी काय, बंदुकीवरचा नंबर घ्यायचा, कंपनीला विचारायचं, मग घाऊकवाला, मग दुकानदार, मग पहिलं गिऱ्हाईक. तिथं गाडी थांबली. सरहद्द कुणी ओलांडली ते त्यात नाही. त्यात अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला बंदी, म्हणजे नंबर टाकला की मालकाचं नाव आलं असलं काही नाही, जुन्या वह्या चाळत बसा.

पुढं २००९ ते २०१४ मध्ये लाखावर बंदुकांचा माग काढायचा प्रयत्न झाला, त्यात ७० टक्के अमेरिकेच्या निघाल्या. म्हणजे तुमचे ९० जरा फुगलेले. पण मेहुण्यानं तर न विचारलेल्या बंदुकासुद्धा 'नाही'त धरल्यात, त्यांची चूक माझ्या मते वजनानं जास्त. तेव्हा पाऊण किलो त्यांनी आणायचा, पाव तुम्ही.